‘पोलिसांचं ऐका म्हणजे काही होत नाही’, हे मला मुळीच पटत नाही

सायली_सेंटपॉल

आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एका ज्येष्ठ सभासदांनी लांबलचक पोस्ट टाकली. सार असं की अमेरिकेत पोलीस उगाच कुणाच्या वाटेला जात नाहीत. थांब म्हटलं की थांबावं, हात स्टिअरिंगवर ठेवावेत, ‘येस सर’ म्हणावं आणि सुखाने घरी जावं. जे गोळी खातात ते हुज्जत घालतात म्हणून खातात, मीडिया मग त्याला वर्णद्वेषाचा रंग देतो. खाली अंगठ्यांची रांग. मी उत्तर लिहिलं तर ‘ग्रुपवर राजकारण नको’ म्हणत ॲडमिननी ते उडवलं. मूळ पोस्ट मात्र तशीच आहे. म्हणून इथे लिहिते.

मिनेसोटातलं फाल्कन हाइट्स माझ्या घरापासून जवळ आहे. ६ जुलै २०१६ ला फिलँडो कॅस्टीलची गाडी तिथे पोलिसांनी थांबवली. शाळेच्या कॅफेटेरियात काम करणारा माणूस. त्याने शांतपणे, ‘सर’ म्हणून, स्वतःहून सांगितलं की माझ्याजवळ बंदूक आहे. परवान्याची होती. काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. शेजारी मैत्रीण, मागच्या सीटवर तिची चार वर्षांची मुलगी. २०१७ मध्ये ज्युरीने पोलिसाला निर्दोष ठरवलं. ‘सर’ म्हणून झालं होतं की त्याचं!

आणि ‘हे काळ्या लोकांचं, आपला काय संबंध’ असं ज्यांना वाटतं त्यांनी सुरेशभाई पटेल आठवावेत. फेब्रुवारी २०१५, मॅडिसन, अलाबामा. वय ५७, गुजरातेतून नातवाला सांभाळायला आलेले. सकाळी मुलाच्या घराजवळच्या फुटपाथवर फिरत होते. शेजाऱ्याने फोन केला की एक सडपातळ काळा माणूस घरांकडे बघत फिरतोय. पोलीस आले, यांना इंग्रजी येईना. ‘नो इंग्लिश’ म्हणत राहिले. पोलिसाने हात मागे धरून त्यांना तोंडावर आपटलं. मानेला असा मार बसला की शरीर अर्धवट लुळं पडलं. सगळं पोलिसांच्याच गाडीच्या कॅमेऱ्यात आहे. गव्हर्नरनी माफी मागितली, पण फेडरल खटल्यात ज्युरीचं दोनदा एकमत झालं नाही आणि जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीशांनीच पोलिसाला सोडून दिलं. तो नोकरीवर परतही आला.

जॉर्ज फ्लॉइडबद्दल एवढंच म्हणते. मे २०२० मध्ये मिनियापोलिसला त्याच्या मानेवर ९ मिनिटं २९ सेकंद डेरेक शॉव्हिन या पोलिसाचा गुडघा होता, हे जगाने पाहिलं. पण त्या रात्री पोलिसांनी जे निवेदन काढलं त्यात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. कारवाईदरम्यान ‘वैद्यकीय घटना’ होऊन माणूस दगावला, असा मथळा होता. १७ वर्षांच्या एका मुलीने फोनवर चित्रण केलं नसतं तर तेच निवेदन आज खरं म्हणून फाइलमध्ये पडून असतं. माझा विश्वास उडाला तो तिथे. एक पोलीस वाईट निघू शकतो, पण अख्खं खातं त्याच्यासाठी खोटं लिहितं, आणि अशी किती निवेदनं आपण आजवर खरी मानली असतील!

आप्पा_जर्सी

सायलीताई, ती पोस्ट माझी नाही, पण मीही अंगठा दिला असता.

तुम्ही निवडक घटना मांडता. वर्षाकाठी पोलीस कोट्यवधी लोकांना भेटतात, त्यातल्या अगदी थोड्या भेटी अशा टोकाला जातात. या देशात माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत. काळ्या काचेमागे कोण बसलंय हे न कळता गाडीपर्यंत चालत जाऊन दाखवा. कॅस्टीलच्या दुसऱ्याच दिवशी डॅलसमध्ये काय झालं ते का लिहिलं नाहीत? पोलिसांविरुद्धच्या मोर्चाच्या बंदोबस्तावर असलेल्या पाच पोलिसांना नेम धरून मारलं. त्यांनाही बायकामुलं होती.

आता माझं ऐका. मागच्या नवरात्रात आम्ही सगळे गरब्याला गेलो होतो. परत आलो तर मागचं सरकतं दार फोडलेलं, देवघरासकट घर उचकटलेलं. सुनेचे तोडे, हिच्या पाटल्या, माझ्या आईची मोहनमाळ, सगळं गेलं. पोलीस उगवले मध्यरात्र उलटल्यावर. केस नंबरचं कार्ड हातात दिलं, ‘इन्शुरन्सवाल्यांना द्या’ म्हणाले आणि गेले. २०२० पासून ‘पोलिसांचे पैसे कापा’ ओरडून तुम्ही लोकांनी त्यांचं मनोबल मोडलंत, त्याची किंमत आमच्यासारखे मोजतात.

नलू_डॅलस

आप्पा, आमच्याकडेही हेच. दाराबाहेर चपलांचा ढीग, दाराला तोरण, रांगोळी. चोरांना दुसरी खूण कशाला हवी? आमच्या ओळखीत तर देवळाच्या पार्किंगपासून पाठलाग झाला होता. सगळ्यांनी सोनं बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा. आणि पॉलिसी नीट वाचा. घराच्या साध्या पॉलिसीत चोरीला गेलेल्या दागिन्यांचे हजार-दीड हजार डॉलरच्या वर सहसा मिळत नाहीत, त्यासाठी वेगळा रायडर लागतो.

केदार_फ्रीमाँट

आमच्याकडे कॅलिफोर्नियात मतदारांनी २०१४ मध्ये मंजूर केलेल्या प्रॉप ४७ या कायद्याने वाट लावली. ९५० डॉलरच्या आतली चोरी म्हणजे किरकोळ गुन्हा. चोर दुकानातून बॅग भरून निघतो, गार्ड बघत बसतो. २०२४ मध्ये शिक्षा पुन्हा कडक करणाऱ्या प्रॉप ३६ ला लोकांनी भरभरून मतं दिली ती उगाच नाही. कॅलिफोर्नियात नव्याने घर घेणाऱ्यांनी कॅमेरे वायरचे बसवा. वायफायचे कॅमेरे चोर जॅमर लावून बंद पाडतात.

नलू_डॅलस

केदार, कुठले कॅमेरे घेतलेस? आणि लॉकर कुठे मिळाला? आमच्या बँकेने नवीन लॉकर देणंच बंद केलंय.

सायली_सेंटपॉल

अहो, धागा लॉकरचा नाही!

नलू_डॅलस

तुमच्यासाठी नसेल. माझ्या लेकीच्या खोलीत परका माणूस शिरून कपाट उपसून गेला. ती आठवडेच्या आठवडे आमच्या खोलीत झोपायची. पोलिसांवर लोकांचा विश्वास का नाही हाच प्रश्न आहे ना तुमचा? माझा नाही तो याच कारणाने. त्यांनी कुणाला मारलं म्हणून नाही, ते आलेच नाहीत म्हणून. तुमच्या यादीत बसत नाही तेवढ्याने माझं दुःख विषयांतर ठरत नाही.

वकिली_बाणा

नलूताईंचा मुद्दा विषयाला धरूनच आहे, उलट मला तोच मूळ मुद्दा वाटतो. पण त्याचं खापर २०२० च्या मोर्चांवर फोडू नका.

पोलीस न येण्याची कथा जुनी आहे. कॅसल रॉक खटल्यात, २००५ साली, सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नवऱ्याविरुद्ध मनाई हुकूम असूनही पोलिसांनी तो अमलात आणला नाही, तर त्या बाईला संविधानाखाली दाद मागता येत नाही. तिच्या तिन्ही मुली मारल्या गेल्या होत्या. आणि युवाल्डे! २४ मे २०२२ ला शाळेत बंदूकधारी शिरला, ३७६ पोलीस जमले, आणि ७७ मिनिटं त्याला कुणी गाठलं नाही. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. टेक्ससमध्ये त्यांचे पैसे कुणी कापले होते?

आता दुसरी बाजू. बळ जास्त वापरलं का, हे सुप्रीम कोर्टाच्या १९८९ च्या ग्रॅहम निकालापासून ‘त्या क्षणी तिथे असलेल्या समंजस पोलिसाच्या’ नजरेतून ठरतं. दिवाणी दावा लावायचा तर ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ आडवी येते. तंतोतंत तसंच प्रकरण आधी कोर्टाने चूक ठरवलेलं नसेल, तर पोलीस बहुधा सुटतो. भरपाई मिळालीच तर ती शहर देतं. फ्लॉइडच्या कुटुंबाला मिनियापोलिसने २ कोटी ७० लाख डॉलर दिले ते करदात्यांचे. आला नाही तरी पोलिसाला जाब नाही, येऊन मान मोडली तरी बहुतेकदा नाही. आप्पांचं घर आणि सुरेशभाईंची मान, दोन्हीकडे उणीव एकच आहे.

केदार, घरफोडीचा प्रॉप ४७ शी संबंध नाही. राहत्या घरातली घरफोडी कॅलिफोर्नियात तेव्हाही फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हाच होती.

केदार_फ्रीमाँट

असेल. पण फेलनी कागदावर असून उपयोग काय, पकडतं कोण?

फौजदाराची_लेक

माझे बाबा सोलापूर जिल्ह्यात फौजदार होते. बंदोबस्त, सणासुदीला घरी नसणं, वरून शिव्या, सगळं बघत वाढले. त्यामुळे ‘पोलीस म्हणजे गुंड’ असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. आप्पांशी मी बरीचशी सहमत आहे.

तरी ह्यूस्टनला आल्यावर झालेला एक प्रसंग सांगते. मुलाला नुकतं लायसन्स मिळालं होतं, मी शेजारी बसले होते. मागचा दिवा गेला होता म्हणून थांबवलं. पोलिसाने कागद मागितले. ते माझ्या पुढ्यातल्या ग्लोव्ह बॉक्समध्ये होते, म्हणून मुलगा मदतीला वाकला. पोलिसाचा हात कमरेला गेला. होल्स्टरच्या बटणाचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी ओरडले, ‘हात वर!’ पोलिसाच्या आधी मी ओरडले. त्याने नंतर फक्त वॉर्निंग दिली, ‘हॅव अ गुड डे’ म्हणाला. तो माणूस वाईट नव्हता. घाबरलेला होता, आणि घाबरल्यावर पहिला हात कुठे जावा हे त्याला शिकवलेलं होतं.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांनी विचारलं, ‘ट्रेनिंग किती दिवसांचं असतं तिकडे?’ इथे अकादमीत सरासरी पाचेक महिने. जर्मनीत अडीच-तीन वर्षं लागतात. बाबा म्हणाले, ‘एवढ्यात तर आमची परेडसुद्धा सरळ होत नव्हती.’

परभणीचा_पाहुणा

तुम्ही सगळे तिकडे बसून अमेरिकेच्या पोलिसांवर बोलताय. ताई, तुमच्या बाबांच्या खात्यावरही बोला. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी कोठडीत गेला. शवविच्छेदनात अंगावर अनेक जखमा. गुन्हा नोंदवायला आईला हायकोर्टात जावं लागलं, आदेश यायला जुलै २०२५ उजाडला. शॉव्हिनला वर्षभरात दोषी ठरवून साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. आम्हाला तेवढं मिळालं असतं तर आम्ही पेढे वाटले असते.

फौजदाराची_लेक

माझ्या बाबांना यात ओढू नका. त्यांनी आयुष्यात आरोपीवर हात टाकलेला नाही.

परभणीचा_पाहुणा

प्रत्येक पोलिसाच्या घरी हेच सांगितलेलं असतं, ताई.

फौजदाराची_लेक

तुम्ही त्यांना ओळखत नाही. यावर पुढे बोलणार नाही. सोमनाथच्या आईच्या बाजूने मीही आहे, ते सांगायला माझ्या वडिलांवर घसरायची गरज नव्हती.

सिअ‍ॅटलचा_शंतनू

शॉव्हिनला झाली म्हणून सगळ्यांना होते असं नाही. माझ्या घराजवळची गोष्ट, जाह्नवी कंदुला. आंध्रातून शिकायला आलेली २३ वर्षांची मुलगी. २३ जानेवारी २०२३ ला रस्ता ओलांडत होती. २५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर पोलिसाची गाडी ७४ मैलांच्या वेगाने आली, तिला धडकली आणि ती गेली. चालकावर फौजदारी खटला झालाच नाही. हे बळाचा गैरवापर म्हणून मोजलं जात नाही, मान्य. पण त्यानंतर दुसरा एक अधिकारी, युनियनचा उपाध्यक्ष, फोनवर हसत म्हणाला की ११ हजार डॉलरचा चेक लिहून टाका, तिची किंमत तशीही मर्यादितच होती. अंगावरचा कॅमेरा, बॉडीकॅम, चालू राहिला म्हणून कळलं. त्याला काढायला जुलै २०२४ उजाडला. आप्पा, तुमची सून, नलूताईंची लेक, कुणीही त्या झेब्रा क्रॉसिंगवर असू शकलं असतं.

आप्पा_जर्सी

ते रेकॉर्डिंग मी ऐकलं आहे. त्याचं समर्थन मी करणार नाही.

सोन्या मॅसीचाही व्हिडिओ पाहिला. इलिनॉय, जुलै २०२४. बाईने स्वतःच ९११ ला फोन करून पोलिसांना बोलावलं होतं. तिच्याच स्वयंपाकघरात, गॅसवरचं पातेलं उचललं म्हणून डेप्युटीने तोंडावर गोळी घातली. त्याने चार वर्षांत सहा ठिकाणी नोकऱ्या केल्या होत्या, तरी घेतलं. तिथे मला कुठलाच बचाव दिसत नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्युरीने त्याला खुनासाठी दोषी ठरवलं, हेही लिहा. व्यवस्था अगदीच मेलेली नाही. गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत पोलिसांवर विश्वास असलेले लोक २०२३ मध्ये ४३ टक्के होते, २०२४ मध्ये ५१ झाले. तेव्हा तरी लोक परत येत होते.

सायली_सेंटपॉल

मॅसीचं मान्य केलंत, बरं वाटलं. पण तो सुधारणेचा पुरावा म्हणून वापरू नका. ५१ टक्के ही २०२४ ची सगळ्यांची सरासरी होती, काळ्या लोकांमध्ये हा आकडा नेहमीच गोऱ्यांपेक्षा बराच खाली असतो. आणि मिनियापोलिस व लुइव्हिलच्या पोलिसांवर कोर्टाची देखरेख आणणारे करार होऊ घातले होते, ते न्याय खात्याने मे २०२५ मध्ये मागे घेतले. त्यांच्या आधीच्या तपासात जे सापडलं होतं ते काही नाहीसं झालेलं नाही.

नलूताई, लेकीबद्दल मनापासून वाईट वाटलं. तुमचं म्हणणं विषयांतर नाही, हे वकिलीबुवांनी मांडल्यावर मला पटलं.

वकिली_बाणा

आशेची एक जागा आहे. त्याच मे महिन्यात बार्न्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की फक्त गोळीच्या क्षणाकडे बघून चालणार नाही, त्याआधी काय घडत गेलं तेही तपासायचं. २०१६ मध्ये ह्यूस्टनजवळ टोल थकल्यावरून गाडी थांबवली आणि माणूस मेला, त्याचं ते प्रकरण. आईने वर्षानुवर्षं लढवलं.

आप्पा_जर्सी

आमच्या मंडळात दिवाळीआधी गावच्या पोलीस अधिकाऱ्याला बोलावणार आहोत, घरफोडीपासून सावधगिरी या विषयावर. ज्यांना यायचं त्यांनी या. प्रश्न आधी लिहून द्या.

सायली_सेंटपॉल

मी झूमवरून येते. दोन प्रश्न लिहून घ्या: बॉडीकॅमचं चित्रण किती दिवसांत खुलं करता, आणि आधीच्या नोकरीतून काढलेल्या माणसाला भरती करता का.

नलू_डॅलस

आणि फोन केल्यावर किती वेळात येता, तेही.

आप्पा_जर्सी

तिन्ही लिहून घेतले. नलूताईंचा पहिला.