मदत हवी आहे: फिजिओ, इमेजिंग, लॅब की ऑडिओलॉजी? पगार आणि पुढची वाट कशी तपासायची?

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीला आरोग्यक्षेत्रातच जायचं आहे, पण डॉक्टर किंवा नर्स व्हायचं नाही, हे तिचं पक्कं आहे. तिने स्वतःच चार पर्याय काढलेत: फिजिओथेरपी, एक्स-रे-सीटी-एमआरआयचं इमेजिंग, पॅथॉलॉजी लॅब आणि ऑडिओलॉजी-स्पीच थेरपी (ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींवरचं काम). चारही तिला आवडतात, त्यामुळे 'आवड बघा' या सल्ल्याने आमचं अडलेलं सुटत नाही. फीसाठी कर्ज काढावं लागणार आहे, म्हणून पगाराचं उघडपणे विचारते आहे.

सुरुवातीच्या पगाराबद्दल कुणालाही विचारलं तरी उत्तर जवळपास एकच मिळतं: पहिली काही वर्षं ओढाताणीचीच असतात. खरा फरक नंतर पडतो असं दिसतंय, आणि तो कशाने पडतो तेच मला समजून घ्यायचंय.

अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाचे आकडे सगळ्यांना खुले आहेत, म्हणून ते पाहिले. तिथल्या रकमा बाजूला ठेवा, फक्त क्रम बघा. मे २०२३ मध्ये तिथे फिजिओथेरपिस्टचा मध्यम वार्षिक पगार (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) ९९,७१० डॉलर होता आणि कॅन्सरच्या रुग्णांना रेडिएशन देणाऱ्या थेरपिस्टचा ९८,३०० डॉलर. जवळजवळ सारखाच. पण तिथे फिजिओ व्हायला पदवीनंतर साधारण तीन वर्षांची डॉक्टरेट करावी लागते, तर रेडिएशन थेरपीत दोन वर्षांच्या अभ्यासक्रमावरही प्रवेश मिळू शकतो. लॅबमध्ये मात्र बहुतेकदा पूर्ण पदवी लागूनही मध्यम पगार ६०,७८० डॉलर.

एवढं वाचून, तिच्या यादीत नसली तरी, मी भाचीला रेडिएशन थेरपीच सुचवणार होते. मग जागा पाहिल्या. संपूर्ण अमेरिकेत रेडिएशन थेरपिस्टच्या जागा सोळा हजारांच्या आसपास, आणि २०२३ ते २०३३ मध्ये वाढीचा अंदाज फक्त ३ टक्के. फिजिओच्या जागा अडीच लाखांच्या घरात आणि वाढ १४ टक्के. रेडिएशनचं मशीन मोठ्या केंद्रांतच असतं, त्यामुळे ते जिथे असेल तिथे जाऊन राहावं लागणार. पगार चांगला असूनही वाट अरुंद, असं मी याचं वाचन केलं. ते बरोबर आहे का?

दुसरी गोष्ट आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २००८ च्या व्यवसाय-वर्गीकरणात सापडली. त्यात फिजिओथेरपिस्ट, आहारतज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्ट आणि ऑप्टोमेट्रिस्ट (नजर तपासणारे) हे व्यावसायिकांच्या गटात येतात, तर इमेजिंग आणि लॅबचे लोक तंत्रज्ञांच्या गटात. एमआरआय चालवणाऱ्याची किंवा रक्तगट जुळवणाऱ्याची जबाबदारी कमी असते असं मी मुळीच मानत नाही. पण पगाराच्या श्रेणी ठरवताना ही विभागणी आड येते का? आली तर ती वर चढून जाता येते का?

चारही क्षेत्रांतल्या लोकांनी कृपया लिहा. दहा वर्षांनंतर तुमच्या हाती काय असतं, हे ऐकायचंय.

– निळी शाई

रात्रपाळी:
ताई, मी इमेजिंगमध्ये आहे. तुमचं वाचन बरोबर आहे, फक्त इमेजिंग हे एकच काम समजू नका. साध्या एक्स-रेवर थांबलेल्या माणसाचा पगार लवकर अडतो. सीटी, मग एमआरआय किंवा कॅथलॅब (हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासतात तो विभाग) असं एकेक शिकत गेलं की हातात वेगळं काहीतरी राहतं. माझ्या पगारात दरवर्षीच्या वाढीपेक्षा जास्त फरक एमआरआय शिकल्याने पडला. शिवाय ऑन-कॉल आणि रात्रीचे भत्ते असतात. त्यांची किंमत शरीर मोजतं, तेही भाचीला सांगा.

एआयची भीती तिला कुणीतरी घालणारच. २०१६ मध्ये एआयचे नामवंत संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आता थांबवायला हवं. तसं झालं नाही. आणि ते बोलणं रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांबद्दल होतं. कण्हणाऱ्या पेशंटला न दुखवता टेबलवर घेणं, पेसमेकर आहे का ते विचारणं, घाबरलेल्याला एमआरआयच्या बोगद्यात पडून राहायला तयार करणं, ही आमची कामं. एक बदल मात्र खरा आहे: काही ठिकाणी एकच अनुभवी तंत्रज्ञ दूर बसून अनेक मशीनवर लक्ष ठेवतो. तिथे नुसतं बटण दाबणाऱ्याची गरज कमी होईल.

पाऊलवाट:
फिजिओ आहे, स्वतःची प्रॅक्टिस करते. जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज असा की जगात सुमारे २४० कोटी लोकांना पुनर्वसनाचा उपयोग होऊ शकतो. कॉलेजं हा आकडा पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापतात. पण गरज म्हणजे नोकरी नव्हे. त्या उपचाराचे पैसे विमा देणार, सरकार देणार की पेशंट स्वतःच्या खिशातून, यावर आमचं उत्पन्न ठरतं. पेशंटच देणार असेल तर तो जरा बरं वाटलं की यायचं थांबतो.

स्वतःचा दवाखाना टाकता येतो ही आमची जमेची बाजू, आणि वर्गीकरणातल्या फरकाचा खरा अर्थ मला तिथेच दिसतो. तरी एका वेळी एकच पेशंट, आणि दिवसाचे तास ठरलेले. म्हणून नुसते पेशंट वाढवून उत्पन्न एका मर्यादेपलीकडे जात नाही. कंबर आणि अंगठे आधी तक्रार करतात. न्यूरो (मेंदू-मज्जासंस्थेचे आजार), लहान मुलं, चक्कर येणारे रुग्ण असं एखादं क्षेत्र घट्ट धरलं की फरक पडतो.

कानोसा:
ऑडिओलॉजीबद्दल कुणी स्पष्ट सांगत नाही म्हणून लिहितो. खासगी ऑडिओलॉजीत बऱ्याच ठिकाणी उत्पन्नाचा मोठा भाग श्रवणयंत्रांच्या विक्रीतून येतो. ऑक्टोबर २०२२ पासून अमेरिकेत सौम्य ते मध्यम बहिरेपणाच्या प्रौढांना श्रवणयंत्र थेट दुकानातून घेता येतं. हे वारं इतरत्रही पोहोचू शकतं. त्यामुळे यंत्र विकण्यावर उभं राहू नका. तान्ह्या बाळांची श्रवणचाचणी, कॉक्लिअर इम्प्लांटचं (शस्त्रक्रियेने कानात बसवलेल्या यंत्राचं) मॅपिंग म्हणजे जुळवणी, तोल जाण्याच्या तक्रारी ही कामं दुकानातून होत नाहीत. रुग्ण कमी पडणार नाहीत: २०५० पर्यंत जवळपास २५० कोटी लोकांना काही ना काही प्रमाणात ऐकू कमी येत असेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अहवाल सांगतो. स्पीच थेरपीची बाजू जमेला धरा, शाळा आणि पुनर्वसन केंद्रं दोन्हीकडे दार उघडं राहतं.

रात्रपाळी:
लॅबवाल्यांच्या वतीनेही थोडं, माझी बायको त्यात आहे. नेहमीच्या रक्ततपासण्यांचं काम मोठी स्वयंचलित यंत्रं खेचून नेतात. रक्तपेढी, मायक्रोबायोलॉजी (जंतूंच्या तपासण्या), मॉलिक्युलर (डीएनए-आरएनएच्या तपासण्या) या विभागांत माणसाच्या निर्णयाला अजून वजन आहे. आयएसओ १५१८९ मानकाप्रमाणे लॅबची गुणवत्ता सांभाळणारी माणसं सगळीकडे शोधली जातात. बायको तिकडेच वळली. काहीजण यंत्र बनवणाऱ्या कंपन्यांत प्रशिक्षक म्हणून जातात, तिथे पगार लॅबपेक्षा बरा.

आणि ताई, प्रवेशाआधी एक तपासाच: अभ्यासक्रमाला नोंदणी करणाऱ्या परिषदेची मान्यता आहे का. ब्रिटनमध्ये फिजिओथेरपिस्ट, रेडिओग्राफर या पदव्या कायद्याने संरक्षित आहेत. नोंदणीशिवाय त्या लावता येत नाहीत. बाहेर जायचा विचार असेल तर त्या देशाची अट आजच वाचा. चार वर्षांनी वाचून उपयोग नसतो.

निळी शाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीने शेजारी बसून सगळं वाचलं. लॅब तिने यादीतून काढली नाही, उलट रक्तपेढीचं ऐकून ती वर सरकवली. ऑडिओलॉजीचं कॉलेज घराजवळ नाही, तेव्हा त्याचा खर्च वेगळा मांडते आहोत. पाऊलवाट, तुमच्या दवाखान्यात तिला काही दिवस नुसतं बसून बघता येईल का? आणि रात्रपाळी, एमआरआय शिकायला तुम्ही नोकरी चालू ठेवली होती की सोडावी लागली? कर्जाचे हप्ते कधी सुरू होतील हे त्यावर ठरेल.