गणितात प्राध्यापकी आणि सह्याद्रीत भटकंती: मेळ कसा घालायचा?

अपूर्णांक:
एमएस्सी गणिताचं दुसरं वर्ष, कलिना (मुंबई विद्यापीठ). पुढे नेट (प्राध्यापकीची पात्रता परीक्षा), पीएचडी आणि प्राध्यापकी हे नक्की आहे. महिन्यातून दोन रविवार ट्रेकचे असतात, ते सोडायचे नाहीत. परीक्षेची तयारी आणि पुढची नोकरी यांत ते बसतील का?

संख्यारेषा:
बसतील. सीएसआयआर-नेट २०० गुणांची, तीन तासांची. भाग अ मध्ये २० पैकी १५ प्रश्न (प्रत्येकी २ गुण), ब मध्ये ४० पैकी २५ (३ गुण), क मध्ये ६० पैकी २० (४.७५ गुण). अ आणि ब मध्ये चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात (अ मध्ये अर्धा, ब मध्ये पाऊण गुण). क मध्ये कापत नाहीत, पण तिथे एकाहून जास्त पर्याय बरोबर असू शकतात आणि सगळे अचूक निवडले तरच गुण. बहुतेक जण इथेच घसरतात: तीन पर्याय सिद्ध करतात, चौथा अंदाजाने सोडतात आणि पूर्ण पावणेपाच गुण जातात. म्हणून लिनिअर अल्जिब्रा आणि रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये प्रत्येक विधानाला प्रतिउदाहरण शोधायची सवय लावा. नुसती प्रमेयं पाठ करून क भाग सुटत नाही.

शक्यतो जूनचं सत्र धरा. डिसेंबरचं धरलं तर ट्रेकचा सगळ्यात चांगला हंगाम अभ्यासात जातो. तारखा मागेपुढे होतात, तेवढं लक्षात ठेवा. राज्यातल्या कॉलेजांसाठी सेट ही राज्याची पात्रता परीक्षाही चालते, तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही.

नोकरीत यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोग) २०१८ च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचं असतं. खरा वेळ खातात ते पेपर तपासणीचे आठवडे. त्या काळात लांबचा ट्रेक ठरवूच नका.

घाटवाट:
ट्रेकचा हिशोब नेस्मिथच्या नियमाने करा (१८९२ चा आहे, अजून चालतो): दर ५ किमीला एक तास, वर दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. १२ किमी चाल आणि ९०० मीटर चढ म्हणजे २ तास २४ मिनिटं अधिक दीड तास, एकूण ३ तास ५४ मिनिटं. यात विश्रांती धरलेली नाही. पावसाळ्यात दीडपट करा, म्हणजे जवळजवळ सहा तास. शेवाळलेल्या कातळपायऱ्यांवर आणि सुट्या दगडमातीच्या घसाऱ्यावर उतरतानाच वेळ जातो, आणि गुडघेही. कसारा किंवा कर्जतहून परतताना शेवटच्या लोकलच्या दोन तास आधी पायथ्याला पोचायचं असं गणित मांडा. ओढा फुगला तर पाणी ओसरेपर्यंत थांबण्याशिवाय उपाय नसतो, त्यासाठी हे दोन तास. एप्रिल-मेमध्ये माणशी किमान तीन लिटर पाणी.

एप्सिलॉन:
दामोदर धर्मानंद कोसंबींचं काम जरूर पाहा. १९६२ पर्यंत मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्था) गणिताचे प्राध्यापक, पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी पालथ्या घालून त्यांनी सूक्ष्मपाषाण हत्यारं (अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं) गोळा केली, कार्ल्यासारख्या लेण्यांचा जुन्या व्यापारी वाटांशी असलेला संबंध जोडला. आहत नाणी (ठसे मारून बनवलेली प्राचीन नाणी) वापरात झिजून हलकी होतात, म्हणून त्यांची वजनं घेऊन संख्याशास्त्राने ती किती काळ फिरली ते काढलं. भटकंती आणि गणित त्यांच्याकडे एकाच कामाचे भाग होते.

ट्रेकला लॅपटॉप नको. एकच लेमा (मोठ्या प्रमेयाच्या वाटेवरचं छोटं विधान), नेमक्या शब्दांत कागदावर लिहून खिशात ठेवा, सपाट माळावर त्यावर विचार करा. कड्याच्या वाटेवर मात्र लक्ष पायांखाली, गणित पूर्ण बंद.

अपूर्णांक:
जूनचंच सत्र धरतो. जुलैपर्यंत महिन्याला एकच ट्रेक, नंतर पुन्हा दोन.