पेडल स्टील: एमन्स की डे, आणि नी लिव्हर किती?

प्रश्न: ई९ ट्यूनिंगचं (तारा ठरावीक सुरांना लावायची एक पद्धत) १० तारांचं पेडल स्टील (पाय आणि गुडघ्याने तारांचे सूर बदलता येतात अशी आडवी गिटार) घेतोय. ३ पेडल (ए, बी, सी) तर असणारच, पण नी लिव्हर (गुडघ्याने ढकलायचे दांडे) २ पुरतील का ४ हवेतच? आणि पेडलांची मांडणी एमन्स घेऊ की डे?

उत्तर: ४ च घे. ईच्या तारा एफवर चढवणारा लिव्हर आणि ई फ्लॅटवर उतरवणारा, हे दोन आधी. एफवाला आणि ए पेडल एकत्र दाबलं की तोच मेजर कॉर्ड ३ फ्रेट पुढे मिळतो, खरंच फार सुंदर सोय आहे ही.

उत्तर: एमन्समध्ये ए पेडल सगळ्यात डावीकडे, डेमध्ये ते सीच्या जागी, आवाज तोच. बसून बघ, घोटा कुठे सहज वळतो तेच घे.

प्रश्नकर्ता: मग २ नंबरच्या तारेचा लिव्हर नंतर बसवता येईल?

उत्तर: येतो, पण खाली जागा आहे का ते आधी बघ.