मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडी कोणती, आय४, मॉडेल ३ की ईव्ही६? (मागच्या सीटवर आई)

नमस्कार मंडळी, दोन महिने एक्सेल शीट भरतेय, आता तिच्यात सतरा कॉलम झालेत आणि निर्णय पहिल्या दिवशी होता त्याहून लांब गेलाय, म्हणून शेवटी इथे विचारते. बजेटचा विषय काढू नका, ते ठरलंय आणि तिन्ही गाड्या त्यात बसतात. बीएमडब्ल्यू आय४ ई-ड्राइव्ह४०, टेस्ला मॉडेल ३ लाँग रेंज रिअर व्हील ड्राइव्ह, आणि किआ ईव्ही६ (नवी, ८४ किलोवॅट-अवर बॅटरीवाली, रिअर व्हील).

वापर असा: रोज जाऊन येऊन ६० किमी, आणि महिन्यातून एकदा ४५० किमीचा एका दमाचा प्रवास, जवळजवळ सगळा हायवे. गाडीत आम्ही दोघं, मुलगा आणि आई. आईचे गुडघे दुखतात, हे पुढे महत्त्वाचं आहे.

कंपनीची रेंज म्हणजे लग्नाचा बायोडेटा, खोटं काही नाही पण फोटो दहा वर्षांपूर्वीचा. डब्ल्यूएलटीपीचे (रेंज मोजायच्या प्रयोगशाळेतल्या चाचणीचे) किमीतले आकडे आय४ ला ५९० च्या आसपास, ईव्ही६ ला ५८२, मॉडेल ३ ला ७०२. पण त्या चाचणीचा सरासरी वेग तासाला ४६-४७ किमी आहे हो! हायवेला ११०-१२० ने कोण किती जातंय ते सांगा, शक्यतो थंडीतलं पण.

दुसरं म्हणजे चार्जिंग. ईव्ही६ ८०० व्होल्टची, ३५० किलोवॅटच्या चार्जरवर १० ते ८० टक्के १८ मिनिटांत म्हणतात. आय४ ४०० व्होल्टची, जास्तीत जास्त २०५ किलोवॅट, तेवढ्यालाच साधारण अर्धा तास. नवरा इथेच अडलाय, "१८ मिनिटं कुठे आणि अर्धा तास कुठे" हे दिवसातून तीनदा ऐकते. त्याला ० ते १०० (किती सेकंदात ताशी १०० किमीचा वेग घेते ते) पण तोंडपाठ आहे, मला ते कुठे वापरायचं तेच कळत नाही.

आणि आई. एका टेस्ट ड्राइव्हला (नाव सांगत नाही, नाहीतर त्या गाडीचे भक्त इथेच उतरतील) आईला मागे बसवलं, बसली, पण उतरताना मला हात द्यावा लागला. बॅटरी खाली असल्यामुळे गाडीतला पाय ठेवायचा तळ वर येतो, मग गुडघे वर आणि मांडीला आधारच नाही. साडेचारशे किमी असं कसं बसणार? सेल्समन मात्र पूर्ण वेळ अॅम्बियंट लाइटचे रंग बदलून दाखवत होता.

प्रतिसाद १

ताई, आधी तुमच्या मिस्टरांचं गणित सोडवू. हायवेला १०० किमीला २० युनिट (युनिट म्हणजेच किलोवॅट-अवर) धरा (जोरात चालवली, समोरून वारा असला तर जास्त). आय४ मध्ये वापरता येण्यासारखी बॅटरी साधारण ८१ युनिट. घरून १०० टक्के भरून निघालात आणि १० टक्क्यांवर थांबलात तर ३६० किमी होतात. उरले ९०, त्याला १८ युनिट, वर हाताशी थोडं ठेवा, म्हणजे २५ युनिट भरायची. १० टक्क्यांवरून भरायला लागलं की सुरुवातीचाच वेग सगळ्यात जास्त असतो, त्यामुळे चांगल्या चार्जरवर आय४ ला हे दहा-बारा मिनिटांचं काम आणि ईव्ही६ ला त्याहून दोन-चार मिनिटं कमी. १८ विरुद्ध ३० हा फरक ८० टक्क्यांपर्यंत भरलं तर, तुम्हाला एवढं भरायचंच नाहीये. आईंना उतरून चहा घेऊन परत बसायलाच तेवढा वेळ लागेल.

आणि वाटेत ६० किलोवॅटचाच चार्जर असेल तर तिन्ही गाड्या सारख्याच, २५ युनिटला २५ मिनिटं. ८०० व्होल्टचा पूर्ण फायदा तेवढ्या व्होल्टेजचा चार्जर असेल तरच. त्यामुळे गाडीआधी तुमच्या रस्त्यावरचे चार्जर मोजा, किती किलोवॅटचे, एका जागी किती गन (गाडीला लावायचे चार्जिंग प्लग) आणि किती चालू असतात. एक गनवाल्या स्टेशनवर कधीच भिस्त ठेवू नका.

मॉडेल ३ वीज सगळ्यात कमी खाईल, हवेला विरोध कमी (ड्रॅगचा आकडा ०.२१९, आय४ चा ०.२४). वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो, म्हणून हायवेला हा आकडा बोलतो. पण वेग बघायला पण मधल्या स्क्रीनकडेच बघायचं, आणि २०२३ च्या बदलात इंडिकेटरची दांडी काढून स्टीअरिंगवर बटणं दिली, तेव्हा तुम्हाला मिळणाऱ्या गाडीत काय आहे ते बघून घ्या. मला ते कधीच जमलं नसतं.

धागाकर्ती

अहो काय उलगडून सांगितलंत! नवऱ्याला वाचून दाखवलं, तो गप्प आहे, म्हणजे पटलंय. मग १८ मिनिटांचा कॉलम उडवला. घरी सध्या साधा सॉकेट आहे, त्यावर रोजचं भागेल का?

प्रतिसाद २

भागेल. रोजचे ६० किमी म्हणजे ११-१२ युनिट, साध्या सॉकेटवर २-३ किलोवॅटने पाच-सहा तास, रात्रीत होतं. फक्त त्याची वायरिंग इलेक्ट्रिशियनला दाखवा, तासन्‌तास लोड सहन करायला ते सॉकेट बनवलेलं नसतं. ७.४ किलोवॅटचा चार्जर घरी बसवलात तर दोन तासांत काम, आणि लांब जायच्या आदल्या रात्री पूर्ण भरता येईल. रोज ८० टक्क्यांवर थांबवा.

ईव्ही६ घेणार असाल तर आयसीसीयूबद्दल (गाडीतलं चार्जिंग सांभाळणारं युनिट) नक्की विचारा. २०२४ मध्ये किआ-ह्युंदाईने त्यासाठी रिकॉल केलं होतं, तो भाग गेला की १२ व्होल्टची बॅटरी चार्ज होत नाही आणि चालत्या गाडीची ताकद जाऊ शकते. तुमच्या गाडीत काय अपडेट आहे ते लिहून घ्या, तोंडी नको.

आईंसाठी म्हणाल तर आय४ आणि मॉडेल ३ दोन्ही साधारण १४४ सेंटीमीटर उंच, ईव्ही६ १५५. तेवढ्याने सीट वर येते. शिवाय आय४ पेट्रोल गाडीच्या प्लॅटफॉर्मवर असल्यामुळे मागे मधे उंचवटा आहे, तिघं बसताना त्रास.

धागाकर्ती

हे ११ सेंटीमीटर माझ्या सतरा कॉलममध्ये कुठेच नव्हते! शनिवारी आईलाच घेऊन जाते तिन्ही शोरूमला, साडी नेसून, तिच्या नेहमीच्या चपला घालून, आणि प्रत्येक गाडीत वीस मिनिटं नुसती बसवते, चालवायची नंतर. सेल्समनने लाइटचे रंग सुरू केले तर आईकडेच सोपवणार आहे त्याला.

नवरा आता २० इंची चाकांवर आलाय. १९ ने रेंज पण जास्त आणि खड्ड्यात धक्के पण कमी, हे त्याला कुणीतरी इथेच सांगा, माझं ऐकत नाही.