तवांग : रेषा १९१४ ची, प्रशासन १९५१ चे, मधली सदतीस वर्षे कोणाची?

प्रश्न

गेल्या ऑक्टोबरात आम्ही बोमडिला आणि सेला खिंड या मार्गाने अरुणाचल प्रदेशातील तवांगला जाऊन आलो. वाटेत जसवंतगढच्या युद्धस्मारकापाशी जवानांनी हातात वाफाळता चहा दिला, आणि तेव्हापासून या जिल्ह्याविषयी मिळेल ते वाचत आहे. एक गोष्ट मात्र उलगडत नाही. हिंदुस्थान आणि तिबेट यांच्यातील सीमा म्हणून आखलेल्या मॅकमहोन रेषेने तवांग १९१४ मध्येच हिंदुस्थानच्या हद्दीत आले होते, तर भारतीय अधिकाऱ्यांना तेथे ठाणे बसवायला १९५१ साल का उजाडावे लागले? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

पहिला प्रतिसाद

आपला प्रश्न नेमका आहे. तवांगचा मठ १६८०-८१ मध्ये पाचव्या दलाई लामांच्या इच्छेनुसार मेराग लामांनी स्थापन केला, आणि सहावे दलाई लामा त्सांगयांग ग्यात्सो १६८३ मध्ये जवळच्याच उर्गेलिंग येथे जन्मले. हा मठ तिबेटची राजधानी ल्हासाजवळच्या द्रेपुंग मठाशी बांधलेला होता. शेतसाराही तिकडेच जात असे. मार्च १९१४ मध्ये सर हेन्री मॅकमहोन आणि तिबेटचे प्रतिनिधी लोंचेन शात्रा यांनी पत्रांची देवाणघेवाण करून रेषा ठरवली, परंतु त्या वाटाघाटीत चीनचा प्रतिनिधी नव्हता, आणि चीनला वगळून तिबेटशी वाटाघाटी न करण्याच्या, रशियाशी १९०७ मध्ये झालेल्या कराराची अडचण असल्यामुळे ब्रिटिशांनी या गोष्टीचा गवगवा होऊ दिला नाही.

पुढे कागद दप्तरात पडून राहिले. १९३५ मध्ये ओलाफ कॅरो या अधिकाऱ्याच्या लक्षात ही बाब आली, आणि १९३८ मध्ये सरकारी करारसंग्रहाचा संबंधित खंड १९१४ चा करार त्यात घालून नव्याने छापला गेला, तोही १९२९ हे जुनेच वर्ष मुखपृष्ठावर ठेवून. जुन्या प्रती परत मागवण्यात आल्या, तरी एक प्रत हार्वर्डच्या ग्रंथालयात राहिली आणि पुढे ही अदलाबदल उघडकीस आली. माझ्या मते आपल्या बाजूचे याहून मोठे नुकसान कोणत्याही चिनी नकाशाने केलेले नाही, कारण मूळ करार खरा असताना त्याच्याभोवती विनाकारण संशय उभा राहिला.

त्याच १९३८ साली कॅप्टन लाइटफूट तवांगला पोहोचले. ल्हासाने हरकत घेतली आणि ब्रिटिशांनी पाऊल मागे घेतले. १९४४ मध्ये जे. पी. मिल्स यांनी सेलाच्या दक्षिणेस दिरांग येथे ठाणे बसवले, पण सेलाच्या उत्तरेस तिबेटचाच अंमल चालू राहिला. चीनचे सैन्य १९५० मध्ये तिबेटात शिरल्यावर मात्र थांबणे शक्य नव्हते. फेब्रुवारी १९५१ मध्ये मेजर बॉब खाथिंग आसाम रायफल्सची तुकडी घेऊन तवांगला गेले आणि त्यांनी कारभार हाती घेतला. ल्हासाने निषेध केला. बीजिंगने तेव्हा अवाक्षर काढले नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील तपशील बरोबर आहेत, परंतु त्यात तवांगचे मूळ रहिवासी मोन्पा लोक कुठेच दिसत नाहीत. सारा ‘तिकडे जात असे’ एवढे म्हणून भागत नाही. तो धान्याच्या रूपाने द्यावा लागे, शिवाय अधिकाऱ्यांची ओझी खिंडीपलीकडे फुकट वाहून नेण्याची वेठ गावकऱ्यांच्या माथी होती. खाथिंग स्वतः मणिपूरचे तांगखुल नागा होते, डोंगरातल्या माणसाचे दुखणे त्यांना सांगावे लागले नसावे. तिबेटी अधिकाऱ्यांना सारा देऊ नका असे त्यांनी गावोगाव सांगितले, आणि तवांगमधले भारताचे पाय मला वाटते तिथेच रोवले गेले.

चीनच्या दाव्यातील विसंगतीही लक्षात घ्यावी. तिबेटला करार करण्याचा अधिकारच नव्हता म्हणून १९१४ ची रेषा अमान्य, असे चीन म्हणतो. आणि तवांग तिबेटचे होते म्हणून ते आपले, असेही तोच म्हणतो. एप्रिल २००५ मध्ये दोन्ही देशांनी केलेल्या करारात सीमाभागात स्थायिक असलेल्या लोकांचे हित जपण्याचे कलम आहे. तवांगच्या बाबतीत या कलमाचा अर्थ भारत आणि चीन वेगवेगळा लावतात.

तिसरा प्रतिसाद

नकाशाबद्दल थोडे लिहितो. १९१४ ची रेषा आठ मैलांना एक इंच या प्रमाणाच्या नकाशावर जाड लाल शाईने ओढलेली होती. पश्चिम टोकाला, भूतानच्या सीमेपाशी, ती थागला या पाणलोटाच्या कण्याच्या दक्षिणेला काही मैल पडते. सीमा पाणलोटावरून जाते असे भारताने धरले, चीनने नकाशावरच्या रेषेवर बोट ठेवले, आणि या दोहोंमधल्या नामका चू नदीच्या अरुंद खोऱ्यात २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चिनी सैन्याचा हल्ला झाला. आठवडा उलटायच्या आत तवांग पडले.

युद्धविराम २१ नोव्हेंबरला झाला, आणि त्याच दिवसांत यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला’ हे वाक्य आपण सगळे ऐकत आलो; ज्या हिमालयाबद्दल ते म्हटले गेले, त्यात हा तवांगचा मुलूख येतो. चिनी सैन्य रेषेपलीकडे परतल्यावर भारतीय कारभार पुन्हा सुरू झाला, आणि पश्चिम कामेंगमधून वेगळा काढून तवांग जिल्हा १९८४ मध्ये झाला. आपण सेला खिंड ओलांडून गेलात की मार्च २०२४ मध्ये खुल्या झालेल्या बोगद्यातून?