सग्वारोच्या हर्बेरियम नोंदी कशा वाचाव्यात?

प्रश्न: अमेरिका-मेक्सिको सीमेवरील सोनोरा वाळवंटातील सग्वारो निवडुंगाच्या हर्बेरियम नोंदी (वाळवून, दाबून कागदी पत्रकांवर जपलेल्या वनस्पती-नमुन्यांच्या नोंदी) मी एकत्र करीत आहे. जुन्या पत्रकांवर ‘सेरेअस जायगँटिअस’, तर नव्यांवर ‘कार्नेगिया जायगँटिया’ असे नाव आढळते. या दोन निराळ्या जाती मानाव्यात का? आणि इतक्या ठळक वनस्पतीचे नमुने एवढे तुरळक का?

उत्तर १: जात एकच आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ एंगेलमन यांनी १८४८ मध्ये तिचे वर्णन सेरेअस या प्रजातीत (जवळच्या जातींच्या गटात, म्हणजे ‘जीनस’मध्ये) केले. ब्रिटन आणि रोझ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९०८ मध्ये तिला कार्नेगिया या स्वतंत्र प्रजातीत हलवले. पत्रकाला लावलेल्या मूळ चिठ्ठीवरील नाव मात्र नोंदीत जसेच्या तसे ठेवावे.

उत्तर २: नमुने कमी असण्याचे कारण सरळ आहे. बारा मीटर उंचीचे, पाण्याने भरलेले खोड कागदात दाबणार कसे? संग्राहकाला खोडाची पातळ चकती कापून आतला गर खरवडावा लागतो, फूल उभे चिरावे लागते आणि तरीही वाळण्याआधी बुरशी धरण्याची धास्ती असतेच. त्यामुळे पुष्कळ पत्रकांवर एखादे फूल आणि काट्यांचा एक झुबका एवढेच दिसते. नोंद नाही म्हणजे तेथे वनस्पती नाही, असे कृपया समजू नये.

उत्तर ३: एकाच संग्राहकाचा तोच क्रमांक अनेक संग्रहांत आढळल्यास त्या बहुधा एकाच संकलनाच्या जोडप्रती असतात, त्या एकदाच मोजाव्यात. जुन्या चिठ्ठ्यांवर अक्षांश-रेखांश सहसा नसतात, ते नंतर ठिकाणाच्या वर्णनावरून काढलेले असतात. नकाशावर एखाद्या नोंदीचा बिंदू कॅलिफोर्नियाच्या आखातात, म्हणजे समुद्रात, पडला, तर चूक निवडुंगाची नव्हे!