शून्य सावली मुंबईत १२:३५ ला का? बाराला का नाही?

गिरगावची_आई
मे महिन्याच्या मध्यावर आमच्या गच्चीवर पोरांना शून्य सावली दाखवायची ठरली आहे. मुंबईची वेळ सगळीकडे १२ वाजून ३५ मिनिटं दिली आहे. चौथीतली लेक विचारते, "सूर्य डोक्यावर आला की बारा वाजतात ना? मग पस्तीस मिनिटं उशीर कशाला?" त्यात नागपूरच्या नणंदबाई सांगतात, त्यांच्याकडे १२:१० लाच सावली जाते, तीही आमच्यानंतर दहाएक दिवसांनी. पोरीला पटेल असं कुणी सांगाल का?

ओळंबा
ताई, लेकीचा प्रश्न अगदी नेमका आहे. माझी सगळी नोकरी जमीन मोजणीत गेली, त्यामुळे रेखांश हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. जरा सविस्तर लिहितो.

पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे एका अंशाला चार मिनिटं. आपलं भारतीय घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर लावलेलं आहे. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मुंबई साधारण ७२.८ अंशावर. मध्ये पावणेदहा अंशांच्या आसपास अंतर, म्हणून मिर्झापूरच्या माथ्यावरून पुढे सरकलेला सूर्य आपल्या माथ्यावर यायला सुमारे ३९ मिनिटं लागतात. नागपूर ७९ अंशांवर, तिथे तोच फरक चौदा मिनिटांवर येतो. मुंबई आणि गडचिरोली एकाच राज्यात, पण दोन्हीकडच्या माध्यान्हीत जवळजवळ अर्ध्या तासाचं अंतर आहे!

तारीख बदलते ती अक्षांशामुळे. सूर्य मे महिन्यात रोज थोडा थोडा उत्तरेला सरकत असतो. कोल्हापूर आधी, मग पुणे, मुंबई, शेवटी नागपूर. कर्कवृत्त महाराष्ट्राच्या उत्तरेला असल्यामुळे आपल्या प्रत्येक गावाला असे वर्षात दोन दिवस मिळतात. दुसरा मुंबईत जुलैच्या अखेरीस येतो, पण तेव्हा ढगांतून ऊन मिळेल तेव्हा खरं.

आता लेकीला हे नक्की सांगा: मुंबईने स्वतःचे बारा सहजासहजी सोडले नाहीत. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून लागू झाली, तरी मुंबईत 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत चालू राहिला. ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे आणि प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. गिरणी कामगारांनी नव्या वेळेला विरोध केला. घड्याळाचा आकडा तोच ठेवून भोंगा झाला की कामगाराला ३९ मिनिटं आधी उठून पाळीवर यावं लागणार होतं, हे त्यांना लगेच कळलं होतं. त्याच्याही आधी, १८८१ मध्ये, गव्हर्नर फर्ग्युसन यांनी मद्रास टाइम आणायचा प्रयत्न केला होता. रेल्वे त्याच वेळेवर धावायची. तो मुंबईच्या वेळेच्या अर्धा तास पुढे, तेव्हा गाडी पकडणाऱ्याला ते गणित मनात ठेवूनच घर सोडावं लागे. शहरातल्या लोकांनी तो बेत हाणून पाडला. या माणसांबद्दल मला फार आदर वाटतो. आपल्या डोक्यावरचा सूर्य कधी येतो, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यासाठी ते भांडले.

ठाकूरद्वारचा_नातू
ओळंबाकाका, एक गोष्ट आत्ता उलगडली. आजी-आजोबांची मे १९४७ ची लग्नपत्रिका आमच्याकडे आहे. त्यात गोरज मुहूर्त "६ वा. ५२ मि. (स्टँ. टा.)" असा छापलाय. ते "स्टँ. टा." काय, हे घरात कुणालाच सांगता येत नव्हतं.

ओळंबा
स्टँडर्ड टाइम! फार मोलाचा कागद आहे, जपून ठेवा. मुंबई टाइमने तेव्हा ६:१३ झालेले असणार. कंसातली ती दोन अक्षरं नसती, तर जुन्या वेळेवर चालणारे पाहुणे अक्षता पडून गेल्यावर पोचले असते.

गिरगावची_आई
काका, खूप आभार. पण तुमच्या हिशेबाने ३९ मिनिटं होतात, मग १२:३९ हवेत. वेळ १२:३५ दिली आहे.

ओळंबा
बरोबर पकडलंत. ३९ ही वर्षाची सरासरी. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि आस कललेला आहे, म्हणून सूर्य घड्याळाच्या कधी पुढे, कधी मागे असतो. मेच्या मध्यावर तो चारेक मिनिटं पुढे असतो. मुंबईत फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात माध्यान्ह १२:५३ ला होते, तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला १२:२२ लाच. म्हणून तर मुंबईत सगळ्यात लवकर सूर्यास्त नोव्हेंबरच्या अखेरीस होतो. २१ डिसेंबर हा सर्वांत लहान दिवस खरा, पण तोवर संध्याकाळ लांबायला लागलेली असते.

जोरहाटकर
नोकरीमुळे आसामात आहे. इथे उलटा प्रकार. जूनमध्ये साडेचारच्या आतच उजाडतं. चहाच्या मळ्यांत 'बागान टाइम' चालतो, प्रमाणवेळेच्या एक तास पुढे. मळ्यातल्या माणसाने भेटायची वेळ दिली की कुठल्या घड्याळाची, ते विचारून घ्यावं लागतं.

गिरगावची_आई
काठी कशी उभी करू तेवढं सांगा. गच्चीला पाण्यासाठी उतार आहे.

ओळंबा
काठीच नको. गवंड्याकडून ओळंबा मागून आणा आणि कपडे वाळत घालायच्या दांडीला टांगा. दोरी आपोआप सरळ उभी राहते, उताराचा प्रश्नच मिटतो. खाली पांढरा कागद ठेवा. बारापासून दर पाच मिनिटांनी दोरीच्या सावलीचं टोक पेन्सिलीने मुलीलाच टिपू द्या. १२:३५ च्या सुमाराला दोरीची रेघ वजनाखाली शिरेल आणि कागदावर फक्त वजनाचा गोल ठिपका उरेल. लगेच उठू नका, एकपर्यंत टिपत राहा. सकाळी पश्चिमेकडे पडणारी सावली पूर्वेकडे वळलेली तिला स्वतःच्या खुणांत दिसेल. सगळे ठिपके जोडले की गच्चीवरची पूर्व-पश्चिम रेषा मिळते. आम्ही शेताच्या बांधावर दिशा ठरवायचो तेव्हा यंत्राच्या जोडीला हीच युक्ती असायची. नागपूरच्या आत्यालाही त्यांच्या दिवशी असाच कागद करायला सांगा आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा.